घर न लागलेल्या बाई

अस्नाकेचबाईंनी मला दारातच अडवलं.
"घर चुकलीस, पोरी. सोडतीत माझा नंबर नव्हता.
येशिहारेगला लागलं, चौथा मजला,
आदिस अबाबाच्या पार पलीकडे.
विचारायचं ते तिला विचार."

मी म्हटलं, तिच्याकडे कालच जाऊन आले.
भिंतींना ओल नाही म्हणाली, नळ आठवड्यातून तीनदा,
कामावर पोचायला दोन मिनीबस.
आता तुमच्याकडे.

"माझ्याकडे कशाला? मला तर काहीच मिळालं नाही."

याचं उत्तर प्रशिक्षणात शिकवलं होतं आम्हाला,
फळ्यावर दोन वर्तुळं काढून:
चिठ्ठीला ना नातं कळतं ना वशिला,
म्हणून घर लागलेली आणि न लागलेली
मुळात सारखीच माणसं.
पुढे पडेल तो फरक घराचा.
वर्गात हे फार देखणं वाटलं होतं.
इथे, मातीच्या भिंतीला टेकून सांगताना
माझा आवाज आपोआप खाली आला.

ती कॉफीचे दाणे भाजत होती.
तवा उचलून वास माझ्याकडे धरला, आणि म्हणाली,
"म्हणजे येशिहारेग किती उंच गेली हे मोजायला
कुणीतरी खाली उभं राहायला हवं."

हे लिहायला रकाना नव्हता.

मग तिने सगळं नीट सांगितलं.
पत्रे अकरा, त्यातले दोन गळके.
नातवाचा खोकला किती रात्री, तेही बोटांवर मोजून.
माझा कागद संपला तशी तीच विचारू लागली,
"येशिहारेग मेली तर तिला खांदा कोण देणार, हे नाही विचारलंस?"

इदिर. महिन्याला थोडे बिर्र टाकायचे,
घरात कुणी गेलं की तंबू येतो, बाकं येतात,
भांडी घासायला बायका येतात, तीन दिवस चूल पेटवू देत नाहीत.
येशिहारेग अजून इथेच पैसे भरते.
चौथ्या मजल्यावरून मरायला मात्र या गल्लीत येणार.

मी समासात पेन्सिलीने लिहिलं: इदिर?
असल्या नोंदी वर पोचत नाहीत.
आकडे भरणाऱ्या झेरिहूनने ती खोडायला हवी होती.
तो आळशी आहे, आणि त्याची आई त्याच वर्षी गेली होती;
यातलं नेमकं कारण कुठलं, मला माहीत नाही.
दुसऱ्या फेरीच्या प्रश्नावलीत मात्र
एकतीस-अ नावाचा एक प्रश्न उगवला होता.

अहवाल झाला. कमाईत फरक नाही,
शाळेत थोडा, खोकल्यात बराच.
आणि एकतीस-अ: दहातले सहा अजून जुन्याच इदिरमध्ये.

मंत्रालयात अतो देमेलाशनी पानं चाळली.
"एका ओळीत सांगा. घरं द्यावीत की देऊ नयेत?"
आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, कुणाला, आणि कुठे, त्यावर आहे.
सभेत असं बोलणाऱ्याचा चहा लवकर गार होतो.
शिवाय पुढच्या इमारतींची कोनशिला आधीच बसली होती,
तीही आणखी लांबच्या टेकडीवर.

तरी पुढच्या सोडतीच्या अर्जात एक ओळ नवी होती:
पाच कुटुंबं मिळून अर्ज करू शकतात,
लागलं तर एकाच मजल्यावर.
का, ते कुणी सांगितलं नाही.
आमच्या अहवालाचा उल्लेख नाही.
मी ती ओळ बसमध्ये तीनदा वाचली.

तिसऱ्या फेरीला गेले तेव्हा
अस्नाकेचबाई कॉफीचा तिसरा कप ओतत होत्या,
तो पातळ असतो, पण आशीर्वाद म्हणतात तो त्यालाच.
अर्ज चटईवर पसरलेला.
"आणि आम्हाला लागलं," त्या म्हणाल्या,
"तर माझ्या जागी कुणाला उभं करशील?"

मी नावं वाचत राहिले.
चार गल्लीतली.
पाचवं येशिहारेगचं, शाईने लिहिलेलं,
आणि खिडकीवरच्या कारकुनाने, नियमाप्रमाणे,
एकदा ज्यांना लागलं त्यांना पुन्हा नाही म्हणून,
पट्टी लावून सरळ रेषेत खोडलेलं.