व्यापारी प्रयोजन

जळगावला, ग्राहक आयोगात
कंपनीचे वकील म्हणाले,
सुभान तडवी ग्राहकच नव्हे, साहेब,
गाडी धंद्याला लावलीय.

सात महिन्यांत पाचदा
पिकअप वर्कशॉपात लावली.
जॉबकार्डावर त्यांच्याच पोरानं लिहिलं होतं,
'ग्राहकाची तक्रार : दुसऱ्या गिअरात आवाज.'
तेव्हा होतो ना मी?

ड्रायव्हर ठेवला होता का?
नाही म्हणता आलं असतं.
हो म्हणालो, अकरा दिवस.
शकीलाचं बाळंतपण चोपड्याला,
इकडे सावद्याच्या वखारीत माल पिकायला लागलेला;
केळी काही थांबत नाहीत कुणासाठी.
भिकनला रोजावर बसवलं.

वकिलांनी 'अकरा दिवस' लिहून घेतलं,
खाली दोनदा रेघ मारली.
उरलेल्या दिवसांचं कुणी विचारलं नाही.
बाहीवरचा केळीच्या चिकाचा काळा डाग
मी उगाच टेबलाच्या कडेला
दिसेल असा धरून उभा.
नऊ तारीख पडली.

परतताना तापीच्या पुलाअलीकडे
ती पुन्हा कण्हली.
दुसरा पडलाच नाही.
शिवी तोंडाशी आली होती,
पण पेटीत बसलेलं ते लोखंड
तिनं थोडंच बसवलं होतं?
पहिल्यावरनंच तिसरा टाकला,
हळू, तिला दुखू नये असा.