म्हणून

तपासणी केंद्रात पंख्याने पेपर उडू नयेत म्हणून
प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक पाण्याची बाटली उभी.
गंगापूर रोड, एप्रिल, दुपारचे दोन.
दिवसाला चाळीस तपासायचे,
समासात शब्द लिहायचा नाही, फक्त आकडा.

प्रश्न तीन, अ:
अनुमानाचे पाच अवयव सोदाहरण स्पष्ट करा. गुण पाच.
आदर्श उत्तर टाचणीने जोडलेलं,
पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे,
जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर,
हा पर्वत तसाच धुराचा,
म्हणून पर्वतावर अग्नी आहे.
अवयवाला एक गुण.
सकाळपासून एकतीस पर्वत पेटवले मी
आणि लाल शाईने विझवले.

वर्गात हेमांगी गांगुर्डेने विचारलं होतं,
मॅडम, स्वयंपाकघरात धूर असतो कुठे आता?
अकराजणांचा वर्ग. सगळे हसले, मीही,
आणि म्हणाले,
परीक्षेत मात्र पर्वतच लिहा.

बत्तिसाव्या पेपरात पर्वत नव्हता.

प्रतिज्ञा: बाबा कामावर जात नाहीत.
हेतू: कारण त्यांच्या शर्टाला कूलंटचा वास येत नाही.
उदाहरण: जिथे जिथे हा वास नाही, तिथे तिथे काम नाही. जसे की रविवार.
उपनय: बाबांचा शर्ट दिवाळीपासून तसाच आहे.
निगमन: म्हणून

आणि पुढे कोरी ओळ.
तिच्याखाली लगेच चार्वाक, पाठ केलेला,
जसा सगळ्यांचा असतो.

नावावर बारकोड चिकटवलेला.
अक्षरावरून माणूस ओळखायला मनाई आहे,
मी ओळखलाही नाही.
पण हेतू तपासला पुन्हा पुन्हा, धंदाच आहे तो माझा:
हेतू सव्यभिचारी असू शकतो, बाळा.
मशीनवरून त्यांना स्टोअर्सला टाकलं असेल.
आईने साबण बदलला असेल.
तुला सर्दी असेल, दिवाळीपासून.
हे सगळं समासात लिहायचं होतं.
समास दोन बोटं रुंद, आणि नियम.

मीसुद्धा तासिकेवरच.
मानधन ऑगस्टपासून आलेलं नाही;
घरी सांगते, बिल ट्रेझरीत आहे.

कोठावदे सर मॉडरेटर. हिरवं पेन.
त्यांच्यापुढे पेपर सरकवला, काही बोलले नाही.
म्हणाले, निगमन नाही, चार.
मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला,
पुन्हा वाचलं, रविवारवर बोट ठेवून.
शेजारच्या टेबलावर कुणीतरी चहाचे पैसे गोळा करत होतं.
सर म्हणाले, 'म्हणून' लिहिलंय ना त्याने.
की तिने.
तेवढ्याचा अर्धा द्या.

साडेचार.
गुण भरणारा मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला,
अर्ध्याला रकाना नाही मॅडम.
मग?
मग काय, अर्धा वर जातो.

खिडकीतून चामरलेण्याचा डोंगर दिसत होता,
उन्हाने फिकटलेला. धूर नव्हता.
त्यावरून काही सिद्ध होत नाही,
हे मी दर वर्षी शिकवते:
धुराशिवायही अग्नी असतो,
तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात.
दर वर्षी ते वहीत उतरवून घेतात.

सहाला गठ्ठा बांधला, सही केली.
सीबीएसला शेअर रिक्षात बसले, मागे तिघंजण.
शेजारी सातपूरहून आलेला माणूस,
मांडीवर डबा, कंपनीचा निळा शर्ट,
खिशावर नाव शिवलेलं, धागा उसवलेला.
त्र्यंबक नाक्याला वळणावर
तो माझ्या खांद्यावर कलला,
माफ करा ताई, म्हणाला.

शर्टाला साबणाचा वास होता.
आज मंगळवार.
मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिले,
उतरताना म्हटलं,
सुटे असतील तर द्या हो यांना माझे पण,
नंतर आठवलं, सुटे माझ्याकडेच होते.