पंपाची नोंदवही

सरकता जिना उतरायला एक मिनिट दहा सेकंद लागतात.
मी मोजलेत, कारण तो बंद पडला की मलाच बोलावतात.

खाली फलाटावर छताला टांगलेल्या काचेच्या पेट्या,
बोटीवरून उतरवलेल्या कंटेनरएवढ्या,
थोड्या थोड्या वेळानं रंग बदलतात.
पर्यटक माना वर करून बघतात आणि गाडी चुकवतात.
वर बँका, कचेऱ्या, एक बालवाडी,
आणि भाडं ऐकून हसू यावं अशी घरं.

इथेच कुठेतरी एकोणचाळीस नंबरची वखार होती.
बाबा तिथं कॉफीच्या गोणी वाहायचे,
साठ किलोची एक, दिवसाला किती ते विचारू नये.
त्यांच्या कोटाला यायचा तो कच्च्या बियांचा वास
आईनं कधी कॉफीचा म्हणून मानलाच नाही.

उद्घाटनाला त्यांना घेऊन आले.
पेट्या निळ्या झाल्या, मग जांभळ्या.
ते बघेनात. म्हणाले, "वीबके, नदी कुठं ठेवली यांनी?"

मग नियम मोडून
फलाटाच्या टोकाचं लोखंडी दार उघडलं मी:
एक खड्डा, एक पंप, भिंतीतून पाझरणारं पाणी.
पाणी चढलं की पंप आपसूक सुरू होतो.
वेळ मी वहीत लिहिते.
त्यांनी चष्मा लावला. पानं उलटली.
सोमवारी दोन दहा. मंगळवारी तीन. बुधवारी तीन पन्नास.
"अगं, ही तर भरती,"
म्हणाले, आणि भिंतीला बोट लावून चाटलं.
"एल्बच. दुसरं कोण येणार?"

आता ते अकराव्या मजल्यावर राहतात, शहराच्या पार त्या टोकाला.
खिडकीतून मोटाररस्ता दिसतो.
माझी रात्रपाळी असली की मध्येच फोन वाजतो.
कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.
"आज किती वाजता?"
"चार चाळीस."
"हं. वेळेवर आली म्हणजे."

परवा नवा पंप बसवला.
तो स्वतःच्या नोंदी स्वतःच ठेवतो,
वरच्या कचेरीतल्या कुठल्याशा पडद्यावर.
साहेब म्हणाले, वही टाकून दे आता.
मी बरं म्हटलं.
शेवटची गाडी गेली. पेट्या पिवळ्या झाल्या,
रिकाम्या फलाटासाठीसुद्धा होतात.
जाकिटाच्या खिशात पेन्सिल चाचपली
आणि लोखंडी दारापाशी उकिडवी बसले.
पाणी अजून चढत होतं.