ना दारी

विजयनगरच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या टपरीमागे
शिरोटे वकीलबाईंनी
माझा वाजणारा फोन पालथा ठेवला
आणि म्हणाल्या, सांगा. कुणाकुणाचे?

दोन बँका, तीन अ‍ॅप, भिशी.
मेहुण्याचे चाळीस हजार... ते नको लिहायला.
तेही लिहायचं. लपवलं की अर्ज पडतो.

मग मालमत्ता.
स्कूटर, फ्रीज, हरभट रोडच्या गाळ्याचं डिपॉझिट,
चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग.
त्यांचं पेन थांबलं.
पोटाची हत्यारं जप्तीत जात नाहीत.

किती वर्षांनी कुणीतरी
मला काय राहील ते सांगत होतं.

वर मथळा: नादारी.
मी फोडून वाचला.

सही करताना
बाईंच्या मनगटावरचं घड्याळ
चार मिनिटं मागे दिसलं.
उघडून बघू का, विचारलं.
आधी तिकीट डकवा, म्हणाल्या.