दुसऱ्यांदा

गुरुवारी दुपारी त्यांची बैठक असते.
मिस्टर होलरॉइड, दोन भूलतज्ज्ञ, एक समाजसेविका,
आणि मी नसते.
मी खाली कॅन्टीनमध्ये
बिनमिठाचं सूप ढवळत.

पोट उघडणं या वेळी सोपं नाही, ते म्हणाले.
पहिल्या वेळचं सगळं आत चिकटलंय एकमेकांना.
ओल लागलेल्या पापडांसारखं
(हे ते नाही म्हणाले, हे माझं).
रक्त फार जाईल. टेबलावरच राहू शकता.
खिडकीबाहेर लीड्सचं आभाळ,
पालथ्या पातेल्याचा बूड.

यकृत हा शब्द आपल्याकडे रिपोर्टातच भेटतो.
बोलताना सगळं काळजावर येतं,
आणि ते छातीत असतं असं आपण धरून चालतो.
खाटीक तेवढा चुकत नाही.
नऊ वर्षं माझं काळीज
वेल्समधल्या कुणा मुलाचं होतं.

त्याच्या आईला मी पत्र लिहिलं होतं, नाव न घालता.
तिचंही आलं, तसंच:
त्याला पावसात फुटबॉल आवडायचा,
उकडलेला कोबी अजिबात नाही.
तेव्हापासून मी घरात कोबी आणला नाही.

आता तिला काय लिहू?
सांभाळायला दिलेलं भांडं पोचे पाडून परत करतात
तेवढंही नाही.
नवं मागायला निघालेय.

गोळ्या कधी चुकल्या होत्या?
आईच्या दहाव्याला गेले तेव्हा. अकरा दिवस.
डबी उशाशी होती. तांब्या भरलेला होता.
घेतल्या नाहीत.
का, ते फॉर्मवरच्या कुठल्याच चौकटीत बसेना,
माझ्याही.
"फक्त त्यामुळेच असं नाही," होलरॉइड म्हणाले.
"त्यामुळे नाहीच," असं म्हणाले नाहीत.

समोरच्या खाटेवर टॅमझिन. तेवीस वर्षं.
डोळे हळदीचे, रक्तगट माझाच.
तिच्या पानावर अजून मीठसुद्धा पडलेलं नाही
आणि मी एकदा जेवून, हात धुऊन,
पुन्हा त्याच पंगतीत
मांडी घालून बसलेय.
वाढणाऱ्यांकडे गणित आहे म्हणे. कोण किती जगेल त्याचं.
त्यात माझे अकरा दिवस आहेत का, विचारलं नाही.

दुपारी तिनं बिस्किटांचा पुडा पुढे केला.
दोन घ्या, म्हणाली.
मी एकच घेतलं,
संध्याकाळपर्यंत पुरवलं.
मग दिवे मालवल्यावर
अंधारातून, हळूच,
दुसरं मागितलं.