हॅलोरन, वादक

पत्ता एवढाच:
हॅलोरन, वादक, किलवॉरी, काउंटी क्लेअर.
तिकीट टास्मानियाचं, शिक्का अर्धा पुसलेला.
लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं,
या गावात दगड भिरकावला
तर तो हॅलोरनलाच लागतो
आणि भिरकावणाराही हॅलोरनच निघतो.

एकोणतीस वर्षं मी टपाल वाटते.
आडनावाचा इथे उपयोग नाही.
लाल हॅलोरन, पुलावरचा हॅलोरन,
हॅलोरन 'उद्या बघू'.
एक जण डब्लिनला न्यायाधीश झाला,
त्याला गाव अजून 'डुकरं सुटली' म्हणतं,
एकसष्ट साली फाटक उघडं राहिलं त्याच्या हातून.

आधी फिंटनकडे गेले.
पाइप्स वाजवतो, तीन तबकड्या निघाल्यात.
काखेतला भाता खाली न ठेवता म्हणाला,
"समुद्रापलीकडून येतं ते देणंच असतं, डिम्प्ना.
पुढचं दार बघ."
पुढच्या दारी मालाकी, कॉन्सर्टिनावाला.
त्याच्या भिंतीवर आजोबा:
शिकागोची नाचघरं दणाणून सोडली त्यांनी,
घरी मात्र दमडी धाडली नाही.
"त्यांचं असेल," म्हणाला,
"पण त्यांची उधारी मी का फेडू?"
हर्लिंगचा गोलकीपर लग्नात चमचे वाजवतो,
तो परसदारानं पसार.
डॉक्टरीणबाईंनी पाकीट उजेडाला धरलं:
"आत रेघा दिसतात. हृदयाचा आलेख नसावा."

शेवटी शनिवारी रात्री, पबमध्ये,
सगळ्यांदेखत मीच ते फोडलं.
नियमात बसत नाही.
कळवायचं त्यानं कळवावं.

आत मजकूर नव्हता. मागणी नव्हती.
पाच पाच रेघा, त्यांवर पेन्सिलीचे ठिपके,
एक धून, बिननावाची.

मग काय, एका क्षणात सगळे वारस!
फिंटन म्हणे, ही आमच्याच परसात उगवलेली.
मालाकीला तीत आजोबांची बोटं दिसायला लागली.
तिघांनी तीन तऱ्हांनी वाजवली,
चमच्यांनी चौथ्या,
आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे
चोराकडे बघावं तसं बघत होता.

शाळेत मास्तर सांगायचे,
आपल्या आडनावाचा जुना अर्थ
दर्यापारचा. परका.
आमच्यातले निम्मे तर
शेजारच्या परगण्यातसुद्धा राहिलेले नाहीत.
तेव्हाच ते का आठवलं, कोण जाणे.

शेकोटीजवळ गॉबनेट हॅलोरन बसली होती, 'अंडीवाली',
नव्वदी ओलांडलेली.
तिच्या हातात वाद्य कुणी कधी पाहिलेलं नाही.
"आण इकडे," म्हणाली.
चष्मा विसरली होती, मी माझा दिला.
बोट ठिपक्यांवरून निघालं
अंडी मोजावीत तसं, हलकं, न चुकता,
आणि एका जागी थांबलं.

"दुसऱ्या ओळीत चुकलाय," म्हणाली.
"तिथंच चुकायचा."

कुणी काही विचारलं नाही.
फिंटननं भात्यातली उरलेली हवा
हळूच सोडून दिली.

तिनं कागदाची घडी घातली, घडीची घडी,
पाकीट अंड्यांच्या टोपलीत, गवताखाली ठेवलं.
"चष्मा घे तुझा," मला म्हणाली,
"आणि सोमवारी येशील तेव्हा
टास्मानियाला तिकीट कितीचं लागतं
तेवढं विचारून ये कुणाला तरी."

कुणाला विचारणार?
दर तर मीच सांगते गावाला.
पण हो म्हटलं.