वरची धार

पिशवीच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं:
एक लिटर. आणि खाली, जरा लाजल्यासारखं, ९१० ग्रॅम.
इतकी वर्षं पिशव्यांचे कोपरे कात्रीने कापले,
पाठ कधी वाचली नाही.

वाचली ती पवईच्या ऑर्डरनंतर.
बारा किलो भाजणीच्या चकल्या,
कन्नमवार नगरातल्या आमच्या दोन शेगड्यांवर,
केरकरबाईंच्या वहीबरहुकूम:
'किलोला पावकिलो तेल. मोहन कडकडीत.'
प्लास्टिकच्या मगात अडीचशेच्या रेघेपर्यंत ओतलं,
बारा वेळा,
दर वेळी वाकून, डोळा रेघेला आणून.

चकली मोडताना आवाज वेगळा आला.
'कट्' नव्हे. खडू मोडल्यासारखा 'टक्'.
पवईहून कुणी काही बोललं नाही.
पैसे आले. आवाज कानात राहिला.

मग लोहार चाळीतून आणलेल्या काट्यावर
मग ठेवला, शून्य केलं, ओतलं:
दोनशे सत्तावीस.
पुन्हा ओतलं. दोनशे अठ्ठावीस.
पाण्याचं बरं असतं, मगात जे बोलतं तेच काट्यावर.
तेल दोन ठिकाणी दोन साक्षी देतं
आणि दोन्ही खऱ्या.
किलोमागे बावीस-तेवीस ग्रॅम, बाराला दोनशे सत्तर:
एवढं तेल मी
न चोरता चोरलं होतं.

भांडुपला बाईंकडे गेले.
म्हटलं, पावकिलो म्हणजे वजनच ना?
त्या लसूण सोलत होत्या. "मी कुठे काटा बघितला गं?
वेलजीशेठच्या पिंपात बुडायचं ते माप, लांब दांड्याचं.
ते म्हणायचे पावकिलो. मी लिहिलं पावकिलो."

वेलजीशेठचं दुकान आता मोबाईलच्या कव्हरांचं.
मुलगा हितेन म्हणाला, आहे ना माप,
आणि काउंटरवर उपडं केलं:
चार पेनं, एक स्क्रू-ड्रायव्हर, सिम काढायच्या पिना.
दांडा तुटलेला, बुडाला पोचा, अंगठ्याएवढा.
"आणून द्या हां परत," म्हणाला, "पपांचं आहे."

सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतलं.
काठोकाठ भरलं, तोललं:
दोनशे छत्तीस.

बराच वेळ नुसती बसून राहिले.
चौदा ग्रॅम. पिढ्या न् पिढ्यांचं नाही, पण
तीस-बत्तीस वर्षांचं गिऱ्हाईक, रोजचे शंभर जण,
गुणाकार करायला घेतला आणि सोडला.
बाईंना फोन लावला.
पलीकडे कुकरची शिट्टी होऊ दिली त्यांनी, मग म्हणाल्या,
"आणि वरची धार?
माप ओतून झालं की परत जरासं बुडवून
वर एक धार सोडायचे. न मागता.
उधारीवाल्यालासुद्धा."

ती वहीत नाही.
पोचा आधी आला की धार, तेही बाईंना आठवत नाही.

मी करून बघितलं. माप, आणि वर एक धार:
दोनशे चव्वेचाळीस.
दोनशे सत्तावन्न.
एकदाच दोनशे एकोणपन्नास.
हात माझा, मनगट त्यांचं नाही.

आता मगावर मार्करची रेघ आहे,
दोनशे पंचाहत्तरला, तेवढंच भरतं पावकिलो.
दुपारी शेगडीच्या धगीत
तेल त्या रेघेच्याही केसभर वर चढतं,
वजन मात्र जिथल्या तिथे.
चकली मोडते: कट्.
माप हितेनला परत दिलं, पेनं पुन्हा आत गेली.

रात्री रिकामी पिशवी
मी कपाच्या तोंडावर उलटी लावून ठेवते.
सकाळी कपात चमचाभर तेल असतं.
नऊशे दहातलं की वरचं,
अजून तोललेलं नाही.